म्युनिकहून एका दिवसात पाहण्यासारखं, जुनं चर्च असलेलं छोटं गाव कोणतं?

न्योर्डलिंगेन. बायर्न (बव्हेरिया) राज्यातलं, साधारण वीस हजार वस्तीचं गाव.

तुम्ही लिहिलंय की कामानिमित्त म्युनिकला आहात, एक शनिवार-रविवार मोकळा मिळतोय, रोथेनबुर्गचं नाव सगळेच सुचवतात पण तिथली गर्दी नकोय, आणि एखादं जुनं चर्च घाई न करता पाहायचंय. मी काही वर्षं आउग्सबुर्गला राहते. घरी पाहुणे आले की त्यांना आधी न्योर्डलिंगेनलाच नेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोथेनबुर्ग फोटोत जास्त देखणं दिसतं, यात वाद नाही. पण न्योर्डलिंगेनला जे आहे ते दुसरीकडे बघायला मिळणं अवघड. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे साधारण एक किलोमीटर व्यासाची अशनी येऊन आदळली आणि चोवीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचं विवर झालं. त्याला रीस म्हणतात. गाव त्या विवराच्या आत वसलंय. त्या आघातात जमिनीखालचे खडक फुटले, वितळले, वर उडाले आणि पुन्हा खाली पडून थिजले. त्यातून जो दगड तयार झाला त्याचं नाव सुएव्हाइट, आणि गावाच्या मधोमध उभं असलेलं सेंट गेओर्ग चर्च याच दगडाचं आहे. बांधणाऱ्यांना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. जवळ मिळतो, छिन्नीला फार त्रास देत नाही, म्हणून त्यांनी तो घेतला. एवढं डोक्यात ठेवून गेलात की त्या गावातली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागते.

जायचं कसं ते आधी सांगते. म्युनिकहून आउग्सबुर्गमार्गे डोनाउवर्थपर्यंत प्रादेशिक गाडी, तिथे बदलून न्योर्डलिंगेन. सगळे मिळून दोन तास धरा. बायर्न-तिकीट, म्हणजे राज्यभर प्रादेशिक गाड्यांना चालणारं एका दिवसाचं तिकीट, या सगळ्या गाड्यांना चालतं, आणि शनिवार-रविवारी त्याला सकाळी नऊनंतरच निघण्याची अट नसते. दोघं-तिघं असाल तर स्वस्तात होतं. सोमवारी मात्र जाऊ नका, संग्रहालयं बंद असतात.

स्टेशनवर उतरलं की चर्चचा मनोरा समोर दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. माझं ऐकाल तर लगेच तिकडे जाऊ नका. आधी तटावर चढा. डाइनिंगर वेस स्टेशनपासून अगदी जवळ आहे. गावाला अशा पाच वेशी आहेत आणि त्यांना जोडणारी तटबंदी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, एकसंध. सम्राट लुडविगच्या आज्ञेने १३२७ मध्ये ती बांधायला घेतली, कारण गाव आधीच्या तटाबाहेर वाढलं होतं. तटाच्या आतल्या अंगाला, वर, लाकडी खांबांवर कौलारू छप्पर असलेली वाट आहे. तिच्यावरून चालत गावाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते, पावसातसुद्धा. पूर्ण फेरी मारता येईल अशी छपराखालची तटबंदी जर्मनीत दुसरीकडे नाही. तिकीट नाही, कधीही चढा.

या वाटेवर मला सगळ्यात आवडतं ते खाली डोकावणं. तटाला पाठ टेकून बांधलेली लहान लहान घरं आहेत आणि त्यांत आजही लोक राहतात. परसात टोमॅटोचे वाफे, दोरीवर वाळत घातलेले कपडे, लहान मुलांच्या सायकली. पलीकडच्या बाजूला तटातल्या भोकांतून बाहेरची शेतं आणि नवी वस्ती. हे गाव पर्यटकांसाठी मांडून ठेवलेलं नाही, ते वापरातलं आहे, आणि हे तटावरूनच नीट कळतं. वायव्येला एगर नावाची छोटी नदी गावातून वाहते. तिच्या काठी चांभारांची, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची, जुनी वस्ती आहे. उंच, पोकळ माळे असलेली त्यांची घरं पाहा. त्या माळ्यांवर कातडी वाळत घालत.

एवढ्याशा गावाकडे एवढा मोठा तट आणि एवढं चर्च बांधायला पैसा कुठून आला, हा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर आहे जत्रा. इथल्या पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या) जत्रेचा उल्लेख १२१९ पासून सापडतो, आणि मध्ययुगात दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या व्यापारी पेठांमध्ये तिची गणना होती. गाव थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं, कोणा सरदाराच्या नाही, त्यामुळे उत्पन्न गावातच राहायचं. जत्रा अजूनही भरते, पण आता पाळण्यांची आणि खाण्याच्या टपऱ्यांची. १६३४ मध्ये तीस वर्षांच्या युद्धातली एक मोठी लढाई या गावाच्या वेशीपाशी झाली. स्वीडिश आणि प्रोटेस्टंट फौज हरली, वेढा आणि रोगराईने गाव निम्मं झालं, आणि मग व्यापारही दुसरीकडे गेला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. आज आपण जे टिकलेलं पाहतो त्याचं एक कारण ही गरिबी आहे.

आता चर्च. १४२७ मध्ये काम सुरू झालं, १५०५ मध्ये पुरं झालं. आत शिरण्याआधी मनोऱ्याच्या पायथ्याशी, बाहेरच्या भिंतीजवळ थांबा आणि अगदी एक हातावरून दगड पाहा. लांबून तो नुसता करडा वाटतो. जवळून तो करडा-हिरवट आहे, मध्ये कुठे पिवळसर झाक, आणि त्यात काळपट काचेचे तुकडे रुतलेले. काही नखाएवढे, काही बोटभर लांब, कडा ओढल्यासारख्या ताणलेल्या. ती काच म्हणजे वितळलेला खडक. हवेत उडालेला असतानाच तो वळला, ताणला गेला आणि तसाच थिजला. तिच्या शेजारी फिकट रंगाचे दाणेदार तुकडे दिसतील. ते शेकडो मीटर खोलवरच्या ग्रॅनाइटचे आणि तसल्या जुन्या खडकांचे. पावसाने काही ठिकाणचे तुकडे गळून गेलेत, तिथे खळगे राहिलेत. बोट फिरवलं की काच गुळगुळीत लागते आणि बाकीचा दगड खरबरीत. हा दगड हवेने झिजतो, म्हणून डागडुजी चालूच असते आणि कुठे कुठे नवे चिरे बसवलेले ओळखू येतात.

याच दगडात सूक्ष्म हिरेही आहेत. ग्रॅफाइटवर आघाताचा दाब येऊन ते बनले. डोळ्यांना दिसत नाहीत आणि दागिन्यांच्या बाजारात त्यांना किंमत नाही, पण गाव त्यांचा अभिमानाने उल्लेख करतं.

माझं माहेर मेहकरचं, म्हणजे लोणारच्या शेजारचं. त्यामुळे हा दगड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथून हललेच नाही. लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं, काठावर उभं राहिलं की एका नजरेत मावतं, तरी ते ज्वालामुखीचं असावं असं बराच काळ मानलं जात होतं, कारण भोवती सगळा बेसाल्ट. भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांचा निबंध १९७३ मध्ये आला आणि आघाताची बाजू पक्की झाली. रीसची कहाणी अगदी तशीच. इथेही सगळे ज्वालामुखीच म्हणत होते. मग १९६० मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर इथे आले, ओटिंग नावाच्या गावातल्या खाणीतून सुएव्हाइटचे नमुने घेतले आणि त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांच्याकडे तपासायला पाठवले. त्यांत कोएसाइट निघालं. क्वार्ट्झवर प्रचंड दाब पडला की हे खनिज बनतं, आणि एवढा दाब ज्वालामुखीत तयारच होत नाही. प्रश्न मिटला. शूमेकरांना पहिली खूण या चर्चच्या भिंतीतच दिसली, असं गावात आवर्जून सांगतात. कागदोपत्री मान खाणीचा आहे, पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की गावाचं म्हणणं पटतं. पाचशे वर्षं पुरावा भर चौकात उभा होता.

आत गेलात की पहिली जाणीव उजेडाची होते. गॉथिक चर्च म्हटलं की आपण अंधार धरून चालतो. इथे मधला भाग आणि दोन्ही बाजूंचे भाग सारख्याच उंचीचे आहेत, त्यामुळे बाजूच्या उंच खिडक्यांतून प्रकाश थेट मधोमध येतो. उंच, सडसडीत खांबांच्या दोन रांगा, आणि वर छतावर दगडी बरगड्यांचं जाळं. श्टेफान वाइरर या स्थपतीने ते छत शेवटच्या टप्प्यात पुरं केलं. एका खांबाला टेकून मान वर करून नुसतं ते जाळं पाहत राहा. खांबातून बरगड्या कुठे फुटतात आणि कुठे एकमेकींना छेदतात, हे शोधण्यात वेळ कसा जातो कळत नाही.

मुख्य वेदीवरचा क्रुसावरचा ख्रिस्त आणि त्याच्या बाजूच्या मूर्ती १४६२ च्या सुमारासच्या आहेत. निक्लाउस गेरहार्ट फान लायडेन या थोर शिल्पकाराचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं. भोवतालची चौकट मात्र नंतरची, सतराव्या शतकातली, बारोक. चौकट बाजूला ठेवून मरियेच्या आणि योहानाच्या चेहऱ्याकडे पाहा. लाकूड आहे हे विसरायला होतं. गळ्याजवळचे स्नायू, ओढणीची घडी, रडून झाल्यानंतरचा थकवा. ख्रिस्ती धर्माशी काहीही संबंध नसलेल्या माझ्या आईने या मूर्तींसमोर हात जोडले होते. त्या वेदीची रंगवलेली दारं फ्रीडरिश हेर्लिन या चित्रकाराची. ती आता गावच्या संग्रहालयात आहेत, आणि चर्चनंतर लगेच पाहिली तर मूर्ती आणि चित्रं मनातल्या मनात पुन्हा जुळवता येतात. सोळाव्या शतकात हे गाव लुथरच्या पंथात गेलं. त्या काळात कित्येक ठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या, इथे त्या राहिल्या.

मग मनोरा. त्याला डानियल म्हणतात, उंची जवळजवळ नव्वद मीटर, पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास. खालच्या दगडी, गोल फिरणाऱ्या, वरच्या लाकडी. गुडघे दुखत असतील तर विचार करा, लिफ्ट नाही. पण जमत असेल तर हे टाळू नका, कारण रीस विवर दिसतं ते इथूनच. लोणारला काठावरून आत बघता येतं. इथे तुम्ही आत आहात आणि काठ दहा-बारा किलोमीटर लांब आहे, म्हणून जमिनीवरून काहीच कळत नाही. वर गेलात की पायाशी लाल कौलांचं गाव, अगदी गोल, तटाने आवळलेलं. त्याच्या पलीकडे सपाट, सुपीक शेती. एकेकाळी विवरात सरोवर होतं, त्याचा गाळ. आणि त्या शेतीच्या पलीकडे, सगळ्या बाजूंनी, झाडी असलेल्या टेकड्यांची कड. तीच विवराची कड. हवा स्वच्छ असेल तर ती जवळपास पूर्ण फिरलेली दिसते. एकदा सलग गोल फिरून पाहाच.

मनोऱ्यावर आजही पहारेकरी असतो. आपल्याकडच्या जुन्या जागल्याचंच काम, फक्त एवढ्या उंचीवरून: आग लागली का, शत्रू येतोय का. आग आणि शत्रू पाहण्याची गरज संपली, तरी त्याची हाक चालू आहे. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने तो वरून ‘झो ग्झेल झो’ (साधारण ‘असं, गड्या, असं’) असं ओरडतो. त्यामागे गावकऱ्यांची आवडती दंतकथा आहे. १४४० मध्ये शेजारच्या ओटिंगेनच्या सरदाराने वेशीवरच्या पहारेकऱ्यांना लाच देऊन रात्री लोप्सिंगर वेस उघडी ठेवायला लावली. एक बाई रात्री त्या बाजूने चालली होती, तिला एक डुक्कर वेशीला अंग घासताना दिसलं आणि दार हललं. तिने हेच शब्द ओरडत आरडाओरडा केला, गाव वाचलं. खरंखोटं काहीही असो, हाकेसाठी म्हणून तरी रात्रीचा मुक्काम करावा असं माझं मत आहे. दुकानं बंद झालेली, दिवसाचे पाहुणे गेलेले, आणि वरून तो लांबलेला आवाज. दिवसा पाहिलेलं गाव आणि हे गाव यांत फार फरक आहे.

चौकात नगरपालिकेची जुनी इमारत आहे, बाहेरून दगडी जिना असलेली. ती पाहताना आणखी एक गोष्ट माहीत असावी. १५८९ ते १५९८ या काळात या गावात चेटकीण ठरवून बायकांवर खटले चालले. पस्तीस जणांना मारलं, त्यांत एक सोडून सगळ्या बायका. रेबेका लेम्प ही गावच्या खजिनदाराची बायको. तिने तुरुंगातून नवऱ्याला लिहिलेली पत्रं टिकली आहेत. आपण निर्दोष आहोत, मुलांचं कसं होईल, हेच त्यांत आहे. तिला १५९० मध्ये जाळलं. तीन वर्षांनी मारिया होल या खानावळवालीला धरलं. बासष्ट वेळा तिचे हाल केले, तिने कबुली दिली नाही. तिचं माहेर उल्मचं, तिथल्या मंडळींनीही तिच्यासाठी रदबदली केली. १५९४ मध्ये तिला सोडावं लागलं, आणि त्यानंतर गावात या खटल्यांवरचा विश्वासच ढळत गेला. तिच्या नावाचं कारंजं गावात आहे. सुंदर चर्च बांधणारं गाव आणि हे गाव एकच होतं, काळातलं अंतरही शंभर वर्षांच्या आतलं. मी पाहुण्यांना हे सांगितल्याशिवाय पुढे नेत नाही.

रीस विवराचं संग्रहालय चांभारवस्तीजवळच्या एका जुन्या कोठारात आहे, १५०३ सालच्या. तासभर पुरतो. तिथे अपोलो १६ ने आणलेला चंद्रावरचा खडक ठेवलाय. तो तिथे असण्याचं कारण आहे. १९७० च्या ऑगस्टमध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल, आणि त्यांच्याबरोबर यूजीन सर्नन, रीसमध्ये खडक ओळखायला शिकायला आले होते. चंद्रावर गेल्यावर आघाताने बनलेला दगड ओळखता यायला हवा, म्हणून. पुढे हे तिघेही चंद्रावर चालले. त्याच आघाताने उडालेली हिरवी काच चेक देशातल्या शेतांत सापडते, तीही इथे मांडली आहे. २०२२ पासून रीस हे युनेस्कोचं जागतिक भू-उद्यान आहे, त्यामुळे आजूबाजूच्या खाणींपाशी माहितीफलक चांगले लावलेत.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर दुपारच्या जेवणाला पर्याय थोडे आहेत, चीज घातलेली श्पेट्झलं (अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) मिळतात, पोट भरतं. गोडात रीझर बाउअर्नटोर्ट खा. पातळ पीठाच्या पोळीवर सफरचंदाचा मुरवलेला गर आणि वर पिठाच्या पट्ट्या. बेकरीत तुकडा मिळतो. फुटबॉलप्रेमी कोणी बरोबर असेल तर सांगा, गेर्ड म्युलर याच गावचा, १९४५ चा जन्म.

रविवारही हाताशी ठेवलात तर भाड्याने सायकल घ्या आणि नैर्ऋत्येला जा. होल्हाइमच्या वर ओफ्नेटच्या गुहा आहेत. १९०८ मध्ये तिथे तीसहून अधिक मानवी कवट्या दोन खड्ड्यांत मांडून ठेवलेल्या सापडल्या. मध्याश्मयुगातल्या, गेरू टाकलेल्या, काहींबरोबर हरणाचे दात आणि शंख. तिथून थोडं पुढे आल्टेनब्युर्गची सुएव्हाइटची जुनी खाण. चर्चसाठी दगड इथून गेला. खाणीची उभी कापलेली भिंत अजून आहे, आणि आदल्या दिवशी चर्चच्या पायथ्याशी पाहिलेले काचेचे तुकडे तिच्यात तसेच दिसतात. वाट चढाची आहे, गुहा ते खाण हा भाग पायीच बरा. परतीची गाडी बघून ठेवा, रविवारी संध्याकाळी डोनाउवर्थकडे जाणाऱ्या गाड्या कमी असतात.